घरातल्या चार तोंडांची तपासणी

आमच्या घरातल्या चारपैकी तीन तोंडं सदोष आहेत, असा निष्कर्ष मी एका गुरुवारी सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता जाहीर केला. चौथं तोंड माझं होतं.

हा निष्कर्ष हवेतला नव्हता. मी महाळुंग्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीचं काम बघतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. (माझी बायको सुनंदा हेच काम घरी बिनपगारी करते, आणि तिच्या नजरेतून एकही चूक सुटलेली नाही.) तेव्हा मोजल्याशिवाय मी काही बोलत नाही. मोजल्यावर मात्र फार बोलतो.

सुरुवात झाली दिघीतल्या मोफत मुखतपासणी शिबिरापासून. सुनंदाचं माहेर दिघीचं, जुन्या शेतकरी घरातलं. तिचा चुलतभाऊ बाळासाहेब हा गेली बरीच वर्षं 'भावी नगरसेवक' आहे. शिबिर त्याचंच. चौकात फ्लेक्स लागला होता. त्यावर सव्वीस चेहरे होते, सव्वीसच्या सव्वीस हसत होते, आणि दात एकाचाही दिसत नव्हता!

मला भपक्याचा मनापासून तिटकारा आहे. मात्र खुर्ची व्यासपीठावर मिळाली, तर तो तिटकारा मी कार्यक्रम संपेपर्यंत पुढे ढकलतो. दीपप्रज्वलन झालं, शाली झाल्या, नारळ झाले. 'तंबाखूमुक्त परिसर' या विषयावर पावणेदोन तास भाषणं झाली. प्रमुख पाहुणे बोलायला उठण्यापूर्वी व्यासपीठाच्या मागे जाऊन तोंड रिकामं करून आले. खाली मंडपात दातांचे डॉक्टर रांगेतल्या लोकांची तोंडं तपासत होते. वर बसलेल्या मान्यवरांना 'आ करा' म्हणायला कोण धजावणार? आम्हाला चांदीच्या वाटीतून सुगंधी सुपारी आली. मी दोनदा घेतली.

(तंबाखूला मी उभ्या आयुष्यात शिवलेलो नाही. सुपारीची गोष्ट वेगळी. जेवण पचायला एक पुडी, शिफ्टमध्ये झोप उडवायला एक, मीटिंगमध्ये तोंड उघडायला लागू नये म्हणून एक. दिवसाला सहा-सात. व्यसन म्हणावं असं काही नाही.)

घरी येताना सुनंदानं शिबिरातलं माहितीपत्रक आणलं. तोंड उघडून आपली तीन बोटं दातांमध्ये उभी बसतात का पाहा. बसत नसतील, तोंडात आग होत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा, असं त्यात लिहिलं होतं. तिनं ते दोनदा वाचलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"अहो, तात्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं. दोन दाढा हलतायत. पन्नास वर्षं मिश्री लावतायत ते. मला फार धास्ती वाटते."

तात्या म्हणजे माझे सासरे. दिघीच्या घराच्या छताचं काम निघालं म्हणून ते महिनाभर आमच्याकडे, संत तुकाराम नगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, ते दिवसातून चार वेळा दातांना चोळत. सुनंदाची धास्ती खरी होती. तात्यांच्या भावकीतल्या एका माणसाचं तोंडाचं दुखणं वेळेवर दाखवलं नाही म्हणून हाताबाहेर गेलं होतं, आणि ते तिनं लहानपणी पाहिलं होतं. दोन वर्षं ती तात्यांना डॉक्टरकडे न्यायच्या मागे होती.

तात्यांचं उत्तर ठरलेलं. "न्हाई. डाक्तरकडं गेलं की दाढ गेलीच. माज्या दाढा हायत, मी बगीन."

"तुम्ही तरी समजवा ना त्यांना," सुनंदा म्हणाली.

"समजावतो. पण आधी मोजमाप तर होऊ दे."

त्याच संध्याकाळी सगळे आमच्या चौकात पाणीपुरी खायला गेलो. गाडीवाला प्रकाश लातूरकडचा. त्याच्या पुऱ्यांबद्दल माझी जुनी तक्रार होती. महागाईत सगळ्या वस्तू लहान होतात, याच्या पुऱ्या मात्र दिवसेंदिवस मोठ्या होत होत्या! मला एकेक पुरी दोन तुकड्यांत खावी लागे, आणि निम्मं पाणी शर्टावर जाई.

"भावा, पुऱ्यांचं मशीन बदललंस का रे?"

"न्हाई ओ काका. पुरी तीच हाय की. तुमचंच तोंड बारकं झालं असंल बगा!"

सगळे हसले. मीही हसलो. दुकानदाराकडे तक्रार केली की तो गिऱ्हाइकावर ढकलतो, हा माझा व्यवसायातला अनुभवच आहे. शिवाय त्याचं पाणीही हल्ली फार तिखट झालं होतं. घरचा ठेचा तर विचारूच नका. मिरच्याच तशा येतात आताशा.

तर मोजमाप. ती तीन बोटांची पद्धत मला मुळीच पटली नाही. कोणाची बोटं? तात्यांची तीन बोटं म्हणजे माझ्या मुलीची, गौरीची, पाच! आमच्याकडे कारखान्यात असलं चालत नाही. तिथे एक 'मास्टर' असतो. मास्टर म्हणजे अचूक मानलेला एक नमुना. बाकी सगळा माल त्याच्याशी ताडून पाहायचा. जुळला तर घ्यायचा, नाही जुळला तर लाल पेटीत टाकायचा. मास्टरला कोणी प्रश्न विचारत नाही.

आता घरात अचूक नमुना कोण, हे काय सांगायला हवं?

मी आरशासमोर उभं राहून, धुतलेल्या व्हर्नियरनं, म्हणजे कारखान्यातल्या मापाच्या पट्टीनं, माझं पूर्ण उघडलेलं तोंड मोजलं. वरच्या दातांपासून खालच्या दातांपर्यंत बरोबर सव्वीस मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या टूलरूममधून नायलॉनचा एक सव्वीस मिलिमीटरचा ठोकळा करून आणला. कडा गोल केल्या, पॉलिश केलं. दातांत नेमका बसला तर तोंड योग्य. इतकं सुबक काम मी कंपनीसाठीही कधी करून घेतलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी तपासणी सुरू झाली.

"आ कर," मी सुनंदाला म्हणालो.

"कशाला?"

"मोजायचंय."

"लग्नाआधी मोजायचं होतं ना!" असं म्हणून तिनं आ केला. ठोकळा आत गेला आणि खुळखुळला. ठोकळ्याच्या वर चांगली बोटभर जागा उरली. गौरीचं तसंच. दोघींची तोंडं गरजेपेक्षा जास्त उघडत होती. (हे मी वीस वर्षं म्हणतच होतो, पण हातात पुरावा पहिल्यांदाच आला.)

मग तात्या. सकाळची मिश्री लावून, चूळ भरून ते गॅलरीत बसले होते. त्यांनी शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तसा आ केला. मी ठोकळा आत ठेवला, आणि तो दिसेनासाच झाला!

"जावईबापू," ठोकळा हातावर काढून देत तात्या म्हणाले, "आजून येक आसंल तर आना. मावंल."

व्हर्नियर लावला. अठ्ठेचाळीस! माझ्या जवळजवळ दुप्पट! मी खाली बसलो. एखाद्या यंत्राचा सांधा झिजला की त्यात ढिलाई येते, आणि तो हवा त्याहून जास्त हलू लागतो. तात्यांचा जबडा झिजला होता. दाढा हलत होत्या त्या त्यामुळेच. सगळं कसं स्पष्ट झालं. मी तक्ता काढला, त्यावर लाल शाईनं तीन नावं लिहिली आणि निष्कर्ष जाहीर केला.

"बाबा, तिघांचं सारखंच चुकलंय का?" गौरीनं विचारलं.

"हो. दोष आईच्या घराण्यातला आहे."

"मग आता तरी तात्यांना डॉक्टरकडे नेऊ या," सुनंदा म्हणाली.

"आधी उपचार करून बघू. झिजलेल्या सांध्याला काय लागतं? विश्रांती!"

उपचार मीच आखले. सुनंदा आणि गौरीला मोठ्यानं हसायची बंदी केली. (त्या तक्त्याकडे बघून हसत होत्या, म्हणून हे लगेच लागू करावं लागलं.) सगळ्यांना मऊ भात. आणि तात्यांना जेवणानंतर दोन तास जबड्याला पूर्ण आराम. त्यासाठी मी त्यांचंच धुतलेलं पांढरं उपरणं घेतलं, हनुवटीखालून वर नेलं, आणि डोक्यावर घट्ट गाठ मारली. डॉक्टर टळतोय म्हटल्यावर तात्याही तयार झाले. हॉलमध्ये खाली चटईवर उताणे झोपले, हात पोटावर ठेवले, आणि दोन मिनिटांत गाढ झोपी गेले. पंख्याचा वारा लागू नये म्हणून मी त्यांच्या अंगावर छातीपर्यंत चादर घातली. पांढरी. घरात दुसरी नव्हती.

हे चित्र बाहेरून कसं दिसेल, हा विचार क्वालिटीवाल्या माणसानं करायला हवा होता. मी आत जाऊन एक सुपारीची पुडी फोडली आणि आडवा झालो.

अडीचच्या सुमाराला बाळासाहेब शिबिराचे फोटो द्यायला आला. लाकडी दार वाऱ्यासाठी उघडं होतं, जाळीचं दार लावलेलं. त्यानं जाळीतून आत पाहिलं. त्याला चटई दिसली, पांढरी चादर दिसली, पोटावर ठेवलेले हात दिसले, आणि जबडा बांधलेले तात्या दिसले. जबडा कोणाचा बांधतात, हे काय सांगायला हवं? त्यानं बेलही वाजवली नाही. जाळीला हात जोडले, डोळे पुसले आणि कामाला लागला. बाळासाहेबाच्या हातून कुठलंच काम इतक्या लवकर होत नाही. पण हे झालं!

साडेतीनला खाली चार गाड्या थांबल्या. चपला काढल्याचा आवाज आला. मी बाहेर येतो तो आमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये वीसेक माणसं डोकी झाकून उभी! बाळासाहेब माझ्या गळ्यात पडला.

"दाजी, खचू नका. आमी हाय. पण कळवायचं तरी राव!"

"काय कळवायचं?"

"पार पोरकं केलं ओ आमाला तात्यांनी!" आणि त्यानं हंबरडा फोडला.

त्या हंबरड्यानं तात्या जागे झाले. त्यांनी डोळे उघडले, भोवती जमलेली सगळी भावकी पाहिली आणि ताडकन उठून बसले. दोन बायका किंचाळल्या. एक पाव्हणा थेट जिन्यात पोचला. तात्या काहीतरी विचारत होते, पण उपरणं इतकं घट्ट होतं की नुसतं 'हुं हुं' ऐकू येत होतं. (गाठ मी मारली होती. माझं काम पक्कं असतं.) शेवटी सुनंदानं धावत येऊन गाठ सोडली.

"कोन गेलं रं बाळ्या?" तात्यांनी काळजीनं विचारलं.

बाळासाहेबाचा चेहरा पांढरा पडला होता. गौरीनं त्याच्या हातातला मोबाइल घेऊन तात्यांसमोर धरला. दिघीच्या चौकातला ताजा फ्लेक्स. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मुखतपासणीच्या फ्लेक्सवरच चिकटवला होता. कडेनं जुन्यातले चार चेहरे अजून हसत होते.

तात्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ फोटो न्याहाळला.

"बाळ्या."

"हां तात्या."

"मेलो मी, आन फोटू तुजा मोटा?"

मग मात्र अख्खा हॉल हसला. हसण्यावरची बंदी मी त्या वेळी लागू करू शकलो नाही. सुनंदा मात्र हसत नव्हती. हातात ते पांढरं उपरणं धरून ती चटईवर बसली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. तात्यांनी ते पाहिलं.

"सुनंदे, रडू नगं. चल उद्या डाक्तरकडं. येकदा मरून झालंय, आता दाढंला काय भ्यायचं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पिंपरीतल्या एका दातांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई तरुण होत्या. मी त्यांना माझा तक्ता दिला, ठोकळा दिला, आणि जबड्याच्या झिजेबद्दल पाच मिनिटं मार्गदर्शन केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ठोकळा बाजूला ठेवला आणि तात्यांना खुर्चीत बसवलं. आरसा घालून गाल पाहिले, जीभ वर करायला लावून खाली पाहिलं, बोटानं हिरड्या दाबल्या, गळ्याशी गाठ आहे का चाचपलं. सुनंदा माझा दंड धरून उभी होती. तिची नखं रुतत होती, आणि त्या क्षणी मलाही काही विनोद सुचत नव्हता.

"आजोबा, हिरड्यांत पू झालाय," डॉक्टर म्हणाल्या. "दोन दाढा वाचणार नाहीत, बाकीच्या वाचवू. मिश्री आजपासून बंद. पण गाल, जीभ सगळं मऊ आहे, व्यवस्थित आहे. मला दुसरं वाईट काही दिसत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा."

सुनंदानं भिंतीकडे तोंड फिरवून डोळे पुसले. मला आनंद झाला, पण माझ्या तक्त्याचं काय?

"पण मॅडम, जबडा? अठ्ठेचाळीस मिलिमीटर उघडतो!"

"मग छानच की."

"पण मास्टर सव्वीसचा आहे!"

"कोणावरून बनवलात तो?"

"माझ्यावरून."

डॉक्टरांनी ठोकळा पुन्हा उचलला. तो बघताना त्यांचा चेहरा बदलला. "आणि तुमचं तोंड कोणी तपासलं होतं?"

हा प्रश्न मी पुरवठादारांना गेली तीस वर्षं विचारत आलोय. 'तुमचा मास्टर कोणी तपासला? कागद दाखवा.' भल्याभल्यांना त्यावर घाम फुटलेला मी पाहिला आहे. आता मला फुटला.

"बसा खुर्चीत," त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडात त्यांची दोन बोटं कशीबशी गेली. गालाला आतून चाचपत त्यांनी विचारलं, "तिखट खाल्लं की आग होते?"

"हल्ली मिरच्याच जरा..."

"पाणीपुरी अख्खी जाते तोंडात?"

"पुऱ्या मोठ्या झाल्यात म्हणे," सुनंदा म्हणाली.

"सुपारी?"

"सहा-सात पुड्या."

"पंधरा," सुनंदा म्हणाली. "कपडे मीच धुते. खिशातून रिकाम्या निघतात."

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. सुपारीनं माझे गाल आतून पांढरट आणि ताठ झाले होते, कातड्याच्या पट्ट्यासारखे. तोंड हळूहळू मिटत चाललं होतं. असंच चालू राहिलं तर पुढे कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं. एका जागेचा बारीक तुकडा तपासायला पाठवावा लागेल, आठ दिवसांत कळेल. हे सगळं त्यांनी सरळ सांगितलं, आवाज न चढवता. दीपप्रज्वलन नाही, शाल नाही. तोंडाच्या आरोग्यावर मी ऐकलेलं ते सगळ्यात छोटं भाषण, आणि एवढं एकच मी पूर्ण ऐकलं.

ते आठ दिवस मी कोणाचीही चूक काढली नाही. कंपनीत लोकांना वाटलं, मी राजीनामा देतोय.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तात्या माझ्याजवळ येऊन बसले. दोन दाढा काढून आले होते, गाल सुजला होता. त्यांनी मिश्रीची डबी माझ्यासमोर ठेवली आणि हात पुढे केला.

"काय तात्या?"

"तुमच्या पुड्या आना. दोनी बी कचऱ्यात जात्यात आज. मी येकटा न्हाई सोडनार, तुमी येकटं न्हाई सोडनार. व्हय का न्हाई?"

"व्हय," मी म्हणालो. खिशातून नऊ निघाल्या.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. डॉक्टर म्हणाल्या, "ताठरपणा सगळा जाईल असं वचन मी देत नाही. पण सुपारी सुटली, इंजेक्शनं घेतलीत, व्यायाम नेमानं केलात आणि तपासणी चुकवली नाहीत, तर तोंड नक्की उघडेल. वेळेत आलात."

मी आलो नव्हतो. मला एका श्रद्धांजलीच्या फ्लेक्सनं आणलं होतं. बाळासाहेबाच्या सामाजिक कार्याचा हा एकमेव सिद्ध झालेला लाभार्थी मी!

व्यायाम साधा होता. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, आणि सोसेल तशी एकेक वाढवायची. छताचं काम संपलं तरी तात्या यासाठी आमच्याकडेच थांबले. रोज सकाळी ते माझ्यासमोर खुर्ची टाकून बसत.

"आ करा. मोटा! म्हशीला हाक मारल्यावानी! हां. आज येक वाडली."

भिंतीवर माझाच तक्ता होता. लाल शाईतली तीन नावं खोडून गौरीनं तिथे फक्त माझं लिहिलं होतं. तपासणी अधिकारी म्हणून तात्यांची सही. सव्वीसचे अठ्ठावीस झाले, मग एकतीस. कधी आठवडाभर काटा हलत नसे, तेव्हा तात्या स्वतःच्या दाढांच्या रिकाम्या जागांवरून जीभ फिरवत म्हणत, "मला तरी मिश्री कुटं सुटली हुती येका दिसात? घ्या, परत आ करा." आठ महिन्यांनी सदतीस झाले. तात्यांच्या हिरड्यांतलं रक्तही थांबलं होतं. माझा नायलॉनचा ठोकळा डॉक्टरांनी मागून घेतला. तोंड किती कमी उघडलं की काळजी करावी, ते रुग्णांना दाखवायला तो आता त्यांच्या टेबलावर असतो. माझं एवढं सुबक काम शेवटी सदोष मालाचा नमुना म्हणून उपयोगी पडलं.

सदतीस झाले त्या संध्याकाळी सगळ्यांनी मला प्रकाशच्या गाडीवर नेलं. त्यानं पुरी भरून हातावर ठेवली. सुनंदा, गौरी आणि तात्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मी आ केला. पुरी अख्खी आत गेली. पाण्याचा थेंबही शर्टावर पडला नाही. तिखट लागलं, पण आग झाली नाही. सुनंदानं माझा दंड धरला. या वेळी नखं रुतली नाहीत. मी दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, आणि काहीतरी चांगलं, मनापासूनचं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं.

पण तीस वर्षांची सवय. तोंडातून निघालं ते असं:

"भावा, पुऱ्या लहान केल्यास का रे?"